अनोळखी माणसाकडून ऑनलाइन खरेदी : पैसे कधी, कसे आणि कुणाच्या खात्यात द्यायचे

नाशिकमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार आता मोबाइलवर भरतो. सिडकोतल्या डिप्लोमाच्या मुलाला वापरलेला लॅपटॉप हवा असतो, दिंडोरीकडच्या बागाईतदाराला द्राक्षबागेसाठी सेकंडहँड ब्लोअर, पाथर्डी फाट्यावर नव्याने भाड्याने राहायला आलेल्या जोडप्याला फ्रिज आणि वॉशिंग मशीन. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, इन्स्टाग्राम, सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळीकडे घेणारा आणि विकणारा एकमेकांना अनोळखी. बरेचसे व्यवहार सरळ पार पडतात. जे फसतात त्यांची गोष्ट मात्र जवळपास एकच असते : पैसे आधी गेले आणि वस्तू ‘मागाहून येणार’ होती.

यूपीआयवरून पाठवलेले पैसे काही सेकंदांत समोरच्याच्या खात्यात जमा होतात. बँकेच्या अॅपमधून लगेच पैसे पाठवणाऱ्या आयएमपीएसचंही तेच. एकदा गेलेले पैसे परत ओढून आणायचं बटण ना तुमच्याकडे असतं, ना तुमच्या बँकेकडे. म्हणून पैसे देण्याची पद्धत ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : पैसे माझ्या हातून सुटणार कधी आणि वस्तू माझ्या हातात येणार कधी? दोन्ही एकाच वेळी होत असेल तर साधं यूपीआयही चालतं. मध्ये दिवस जाणार असतील, तर त्या काळात पैसे अडवून धरणारा किंवा परत मिळवून देणारा कुणीतरी तिसरा हवा. तो क्रेडिट कार्ड देणारी बँक असेल, पैसे स्वतःकडे ठेवून मग विक्रेत्याला देणारी मोठी वेबसाइट असेल, नाहीतर दारात येऊन पैसे घेणारा कुरिअरवाला असेल. यातलं काहीच शक्य नसेल तर व्यवहार सोडा, वस्तू कितीही मनात भरलेली असली तरी.

पहिली पायरी : पैशांचं बोलण्याआधी विकणाऱ्याला तपासा

फोन करा आणि वस्तूबद्दल असं विचारा, जे ती रोज वापरणाऱ्यालाच सांगता येईल. फ्रिजच्या कुठल्या कप्प्याला तडा गेलाय, गाडीची शेवटची सर्व्हिसिंग कुठे केली, बिल आहे का. मग व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवायला सांगा. दाखवताना कागदावर त्या दिवसाची तारीख लिहून वस्तूशेजारी ठेवायला लावा. ज्याच्याकडे वस्तू खरोखर आहे त्याला याला दोन मिनिटं लागतात. जो दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून बसलाय, तो नेटवर्क नाही, कॅमेरा बिघडलाय, ड्युटीवर आहे, असं काहीतरी सांगतो.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर संशयित तपासण्याची सोय आहे. तिथे मोबाइल नंबर, यूपीआय आयडी किंवा बँक खाते क्रमांक टाकला की त्यावर आधी तक्रार झाली आहे का ते कळतं. नोंद नाही म्हणजे माणूस चांगला असं मात्र समजू नका, कारण ही मंडळी सिमकार्ड बदलत असतात. नोंद सापडली तर तिथेच थांबा.

नाशिककरांनी खास ओळखून ठेवावा असा एक सापळा आहे, ‘फौजी’ विक्रेत्याचा. हा प्रकार देशभर चालतो, पण आपल्याकडे तो जास्त खरा वाटतो. देवळालीला लष्कराची मोठी छावणी आहे, ओझरला हवाई दलाचं ठाणं आहे. तिथल्या लोकांच्या बदल्या होतात आणि ते जाताना सामान विकतात, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. ठगाला त्या विश्वासाचा फायदा मिळतो.

संभाषण साधारण असं चालतं. अॅक्टिव्हा अठरा हजारांत, बाजारात तशी गाडी चाळीसच्या खाली मिळत नाही. तुम्ही मेसेज करता. उत्तर हिंदीत आणि फार अदबीने येतं : पोस्टिंग झाली आहे, परवा निघायचंय, म्हणून स्वस्तात देतोय. न मागता ओळखपत्राचा फोटो येतो, कॅन्टीन कार्ड येतं, गणवेशातला फोटो येतो. तुम्ही म्हणता, मी कॅम्पात येऊन गाडी बघतो. तो म्हणतो, आत सिव्हिलियनला परवानगी नाही, गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल, फक्त वाहतुकीचे अडीच हजार आधी भरा. शिक्का मारलेली पावतीही येते. तुम्ही भरता. मग गेटपासचे साडेतीन हजार, ‘ते परत मिळतील’. मग विम्याचे, मग जीएसटीचे. दर वेळी मागितलेली रक्कम गाडीच्या किमतीच्या मानाने लहान असते. इतके दिलेत, आता एवढ्यासाठी कशाला सोडायचं, असं म्हणून माणूस भरत जातो.

त्यातली ओळखपत्रं बनावट तरी असतात, नाहीतर दुसऱ्याच कुणा जवानाची चोरलेली. म्हणून कुणीही पाठवलेल्या आधार, पॅन किंवा ओळखपत्राच्या फोटोला पुरावा मानू नका. त्याच कारणासाठी तुमच्या आधारचा फोटोही अशा माणसाला पाठवू नका. तो पुढच्या माणसाला फसवताना वापरला जातो. खरा जवान गाडी विकत असेल तर तो गाडी घेऊन छावणीच्या बाहेर येतो. ‘आत्ता निघतो, कुठे भेटू?’ या एका प्रश्नावर खरं-खोटं कळतं.

दुसरी पायरी : समोरासमोर भेटून व्यवहार

माझ्या मते शहरातल्या शहरात मिळणाऱ्या कुठल्याही जुन्या वस्तूसाठी हीच पद्धत वापरावी. नाशिक एवढं मोठं नाही की पंचवटीहून सातपूरला जाणं होऊ नये.

मोबाइल, कॅमेरा, लॅपटॉप अशा हातात मावणाऱ्या वस्तूसाठी दिवसाउजेडी, गर्दीच्या आणि सीसीटीव्ही असलेल्या ठिकाणी भेटा. कॉलेज रोडवरचं एखादं कॅफे, मॉलची लॉबी, बँकेच्या शाखेचं आवार, काहीही चालेल. फ्रिज, पलंग, कपाट यांच्यासाठी विकणाऱ्याच्या घरीच जावं लागतं, आणि ते बरंच आहे, कारण त्यातून त्याचा पत्ता कळतो. एकटे जाऊ नका. रोकड खिशात घेऊन तर अजिबात नको.

वस्तू पूर्ण तपासून झाल्याशिवाय पैशांचं अॅप उघडू नका. मोबाइल घेत असाल तर त्यावर *#०६# डायल केल्यावर पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो. तो संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासता येतो, किंवा केवायएम ही इंग्रजी अक्षरं लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करता येतो. हँडसेट ब्लॅकलिस्टमध्ये आहे किंवा क्रमांक दुसऱ्याच मॉडेलचा निघाला तर सरळ निघून या. चोरीचा फोन घरात आला की पैसे जातातच, शिवाय पोलिसांना उत्तरं द्यावी लागतात. फोन ठीक असेल तर विकणाऱ्याला त्याचं गुगल किंवा अॅपलचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा, फोन रीसेट करा आणि तो पुन्हा सुरू होऊन जुना पासवर्ड मागत नाही हे बघा.

आता पैसे. समोरच्याचा क्यूआर स्कॅन केला किंवा नंबर टाकला की पिन मागण्याआधी एक पडदा येतो. त्यावर पैसे कुणाला जाणार त्याचं नाव असतं. बहुतेक लोक तिथे रक्कम बघतात आणि नाव वाचतच नाहीत. ३० जून २०२५ पासून यूपीआय अॅपना बँकेत नोंदलेलं खातेदाराचं नावच दाखवावं लागतं, स्वतः ठेवलेलं टोपणनाव चालत नाही. म्हणजे समोर बसलेला माणूस नाव एक सांगतोय आणि पडद्यावर परराज्यातल्या भलत्याच कुणाचं नाव दिसतंय, तर विचारा. ‘भावाचं खातं आहे’, ‘मित्राचा नंबर आहे’ ही उत्तरं घेऊ नका. पैसे विकणाऱ्याच्याच खात्यात जायला हवेत, म्हणजे पुढे काही वाद निघाला तर तुमच्याकडे त्याच्या नावाचा पुरावा असतो. एनईएफटी आणि आरटीजीएस या बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतींमध्येही आता खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय बँकांनी दिली आहे, ती वापरा.

आधी एक रुपया पाठवून बघण्याची सवय चांगली आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. त्यातून खातं चालू आहे आणि नाव अमुक आहे एवढंच कळतं. खातेदार प्रामाणिक आहे हे त्यातून कळत नाही.

रोखीने द्यायचं की यूपीआयने? दोन-तीन हजारांची वस्तू असेल तर काहीही चालेल. त्याहून मोठी असेल तर विकत घेणाऱ्यासाठी यूपीआयच बरं, कारण बारा अंकी व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचं नाव कायमचं नोंदलं जातं. रोख दिलीच तर साध्या कागदावर वस्तूचं वर्णन, सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि सही घ्या. आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तसा आग्रह धरणाऱ्यापासून लांब राहा.

एक व्यावहारिक अडचण आधीच सोडवून ठेवा. व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआयने दिवसाला सर्वसाधारणपणे १ लाखापर्यंतच पाठवता येतात. फोन किंवा सिम नुकतंच बदललं असेल तर पहिले २४ तास मर्यादा फारच कमी असते. नेटबँकिंगमध्ये नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका सुरुवातीला मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. मोठा व्यवहार असेल तर समोरच्याचं खातं आदल्या दिवशी जोडून ठेवा. नाहीतर ऐनवेळी ‘तुझ्या फोनवरून होत नाही ना, मग मी सांगतो त्या नंबरवर तुकड्या-तुकड्याने टाक’ अशी वेळ येते आणि घाईत नाव बघायचं राहून जातं.

तिसरी पायरी : गाडी किंवा ट्रॅक्टर घेताना

इथे रक्कम मोठी, म्हणून पायऱ्याही जास्त. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी अॅपवर टाका. मालकाचं नाव काही अंशी झाकलेलं दिसतं, पण गाडीचं मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्ज आहे की नाही हे कळतं. चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. बाकी असलेले ई-चलान वाहतूक पोलिसांच्या वेबसाइटवर दिसतात. ते कुणी भरायचे हे भावाच्या वेळीच ठरवा.

गाडीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर सगळे पैसे मालकाच्या हातात देऊ नका. ‘तुमचे पैसे आले की मी कर्ज भरतो’ या वाक्यावर विश्वास ठेवून पुष्कळ लोक अडकलेत. मालकाबरोबर कर्ज देणाऱ्या शाखेत जा, किती रक्कम बाकी आहे याचं पत्र घ्या, तेवढे पैसे थेट त्या कर्जखात्यात भरा आणि उरलेले मालकाच्या खात्यात. बँक मग ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देते, त्यावरून आरसीवरचा बोजा उतरतो.

पैसे द्यायची जागा म्हणून बँकेची शाखा सगळ्यात चांगली. तुमच्या खात्यातून आरटीजीएस करा, त्याची किमान रक्कम २ लाख आहे. त्याहून कमी असेल तर एनईएफटी किंवा आयएमपीएस. मालकाच्या फोनवर जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत दोघांनी तिथेच बसायचं. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि दोन्ही किल्ल्या तुमच्यासमोर टेबलावर आल्यानंतरच पैसे पाठवायचे. नाशिकचं प्रादेशिक परिवहन कार्यालय पेठ रोडला आहे. गाडी एमएच १५ ची असेल तर अर्ज ऑनलाइन भरून नावावर करण्याचं काम लांबवू नका. आरसीवर जुन्या मालकाचं नाव राहिलं तर अपघातापासून चलानापर्यंत सगळ्याची गुंतागुंत होते.

चौथी पायरी : वस्तू टपालाने किंवा कुरिअरने येणार असेल तर

येवल्याची पैठणी घ्या. येवला आपल्याच जिल्ह्यात. तिथले कितीतरी विणकर आणि दुकानदार व्हॉट्सअॅपवर, इन्स्टाग्रामवर साडी दाखवतात आणि पाठवतात, आणि त्यांची साडी खरी असते. त्यांच्याच व्हिडिओवर स्वतःचा नंबर चिकटवून दुसराच कुणी पैसे गोळा करतो, हा खरा धोका. त्यात फसलेल्या ग्राहकाचं नुकसान होतंच, पण ज्या विणकराने हातमागावर कित्येक आठवडे घालवले त्याचंही नाव खराब होतं. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

तेव्हा दुकानाचं नाव आणि पत्ता विचारा, व्हिडिओवरचा नंबर आणि दुकानाच्या पाटीवरचा नंबर एकच आहे का ते नकाशावरच्या फोटोत बघा. बिल मागा. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो सरकारी पोर्टलवर टाकून दुकानाचं नाव जुळतंय का ते बघता येतं. शक्य असेल तर सरळ येवल्याला जाऊनच साडी घ्या, ते तर सगळ्यात उत्तम.

लांबून घ्यायची असेल तर पैसे देण्याचा माझा पसंतीक्रम असा. पहिलं, क्रेडिट कार्ड. वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. बँक विक्रेत्याच्या बँकेकडे खुलासा मागते आणि पटण्याजोगं उत्तर नसेल तर पैसे परत येतात. यासाठी मुदत असते, म्हणून वाट बघत महिने घालवू नका. डेबिट कार्डावरही ही सोय असते, पण तोवर तुमचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात. अट एवढीच, की पैसे खरोखर कार्डाच्या गेटवेवरूनच गेलेले हवेत. काही विक्रेते ‘कार्ड घेतो’ म्हणून लिंक पाठवतात आणि तिच्यातून शेवटी कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय आयडीवर पैसे जातात. तसं असेल तर चार्जबॅकचा आधार मिळत नाही.

दुसरं, कॅश ऑन डिलिव्हरी. कुरिअरवाला बहुतेक वेळा पैसे घेतल्याशिवाय खोकं उघडू देत नाही, त्यामुळे हे संरक्षण अर्धवट आहे. काही मोठ्या साइट महागड्या वस्तूंसाठी खोकं समोर उघडून दाखवतात, ती सोय असेल तर घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा की आपण न मागवलेलं, पैसे द्यावे लागणारं पार्सल घ्यायचं नाही.

तिसरं, यूपीआयने आगाऊ. हे फक्त आधी घेऊन अनुभव आलेल्या दुकानाला.

पार्सल आलं की उघडण्याआधी मोबाइल सुरू करा. आधी पत्त्याचं लेबल, मग खोक्याच्या चारही बाजू, मग कात्री लावल्यापासून वस्तू बाहेर येईपर्यंत एकसलग चित्रीकरण. मध्ये तोडलं तर त्याचा उपयोग जातो.

विकणारा व्यावसायिक असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. आपली जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्या खासगी माणसाबाबत ती वाट सहसा उपयोगी पडत नाही.

टोकन आणि डिपॉझिट

गंगापूर रोडला टू बीएचके, फोटो झकास, भाडं आजूबाजूपेक्षा चार हजारांनी कमी, आणि मालक पुण्यात. ‘तीन पार्ट्या बघून गेल्यात, पाच हजार टोकन टाका म्हणजे तुमच्यासाठी थांबवतो.’ घर आतून न बघता एक रुपयाही देऊ नका. बघितल्यावर लाइटबिल, घरपट्टीची पावती किंवा इंडेक्स दोनची (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) प्रत मागा आणि त्यावरचं नाव पैसे घेणाऱ्या खात्याच्या नावाशी जुळतंय का ते बघा. सोसायटीच्या वॉचमनला किंवा सेक्रेटरीला विचारलं तरी पुष्कळ कळतं. डिपॉझिटची मोठी रक्कम भाडेकराराच्या वेळीच द्या.

तुम्हीच विकत असाल तर

थोडक्यात सांगतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला पैशांची मागणी पाठवायची सोयच यूपीआयमधून काढून टाकली आहे, तरी क्यूआरचा आणि लिंकचा प्रकार चालूच आहे. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस बघून वस्तू देऊ नका, आपल्या बँकेचं अॅप उघडून शिल्लक बघा. ‘चुकून जास्त गेले, परत पाठवा’ म्हटलं तर आधी जमा झालेत का बघा. झाले असतील तरी दुसऱ्या नंबरवर परत करू नका, बँकेला सांगा. आणि पैसे वस्तू विकत घेणाऱ्याच्याच खात्यातून आलेले असावेत. कुणाचे तरी लुबाडलेले पैसे तुमच्या खात्यात आले, तर तपासात ती रक्कम, कधी अख्खं खातं गोठतं.

कुणीही ‘मदत करतो’ म्हणून एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अॅप किंवा व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल (जी उघडली की फोनवर अॅप बसतं) टाकायला सांगितली, तर फोन ठेवा.

पैसे गेलेच तर

पहिल्यांदा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. रात्र असली तरी, रक्कम लहान असली तरी, लाज वाटत असली तरी. गेलेले पैसे ठग एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात वळवतो आणि मग एटीएममधून काढतो. तो काढून घेण्याआधी जेवढं अडवता येईल तेवढंच वाचतं. फोन करताना व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. त्यानंतर लगेच स्वतःच्या बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग सायबरक्राइम पोर्टलवर सविस्तर तक्रार. जाहिरात, चॅट, प्रोफाइल, पावत्या यांचे स्क्रीनशॉट त्याला ब्लॉक करण्याआधीच काढा, कारण ही मंडळी चॅट पुसून टाकतात.

नाशिक शहराचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे. ते लांब पडत असेल तर जवळच्या ठाण्यातही जाता येतं. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे.

बँकेकडून काय मिळेल याबद्दल स्पष्ट असलेलं बरं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात, तिसऱ्याच कुणाच्या कृत्याने खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, असं म्हटलंय. पण ते ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. फसवणुकीला बळी पडून का होईना, पिन तुम्ही स्वतः टाकला असेल तर बँक सहसा हात वर करते. बँकेने तक्रारीकडे लक्षच दिलं नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. त्यासाठी शुल्क नाही.

तक्रारीत रक्कम अडवली गेली असेल तर ती कुठल्या बँकेत आणि किती, हे तपास अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. ती परत मिळवायला बऱ्याचदा न्यायालयाचा आदेश लागतो. या दिवसांत आणखी एक फोन येण्याची शक्यता असते : ‘तुमचे अडकलेले पैसे आम्ही सोडवून देतो, प्रोसेसिंगचे दोन हजार भरा.’ तुम्ही फसलात हे त्याला माहीत असतं, कारण ठगांच्या याद्या एकमेकांकडे फिरतात. १९३०, पोलीस किंवा लोकपाल यांपैकी कुणीही पैसे सोडवायला फी मागत नाही. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडून द्या.